शंभरातले चार

आकडे फार गोड बोलायला लागले की त्यांच्याकडे जरा रोखून बघावं, असा ताईचा जुना नियम. हा नियम तिने नवऱ्याला लावला होता, घर रंगवणाऱ्याला लावला होता, आणि विभागातल्या झाडून सगळ्यांना तर लावलाच होता. एकटा धाकटा भाऊ तेवढा त्यातून सुटला होता. शेवटी तोही सापडला, आणि सापडला तो अशा वेळी की काही विचारू नका.

ताईचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. दोन-तीन अणूंचा एखादा चिमुकला रेणू घ्यायचा आणि तो गिरक्या घेताना किती ऊर्जा बाळगेल, थरथरताना किती बाळगेल, हे गणिताने आधीच सांगून टाकायचं. रेणूला वाटेल तेवढी ऊर्जा घेता येत नाही. जिन्याला पायऱ्या असतात तशा त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. या पायरीवर उभा राहा नाहीतर त्या पायरीवर, मधल्यामध्ये लोंबकळायची सोय नाही. गिरकीच्या पायऱ्या बुटक्या, थरथरीच्या चांगल्या उंच. अणू जड असला की गिरकी संथ होते आणि पायऱ्या आणखी बुटक्या होतात. आणि अगदी सगळ्यात खालच्या पायरीवर बसवला तरी रेणूची थरथर काही थांबत नाही. निवांत बसणं त्याच्या नशिबातच नाही. ताईच्याही नव्हतं, त्यामुळे दोघांचं बरं जमायचं.

धाकट्याची खोली त्याच मजल्यावर, बोळाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे एक लांब काचेची नळी, तिला जोडलेला सदा घुरघुरणारा पंप, आणि भोवती तारांचं जंजाळ. नळीत वायू सोडायचे, विजेची ठिणगी पाडायची, की पापणी लवायच्या आत मरणारे काही विचित्र रेणू तयार होतात. ते आहेत तोवर त्यांच्यातून लहरी पाठवायच्या. रेणूने एका पायरीवरून दुसरीवर उडी मारली की पडद्यावर एक उभी रेघ उमटते, आणि ती नेमकी कुठे उमटली यावरून पायऱ्यांची उंची कळते. अडचण एवढीच की हे यंत्र एका वेळी नखाएवढाच पट्टा बघू शकतं. म्हणून कुठे बघायचं ते ताईने सांगायचं, आणि तिथे काही आहे का ते धाकट्याने बघायचं. नाहीतर बसा चाचपडत.

या बहीण-भावांनी मिळून एक नवाच रेणू पकडला होता. एक गंधकाचा अणू आणि त्याला चिकटलेले दोन हलके अणू. आजवर तो कुणी मोजला नव्हता. ताईने गिरकीच्या रेघांच्या जागा काढून दिल्या. सुरुवातीला एकदा धाकटा म्हणाला होता, "रेघा फार फिक्या येताहेत गं." त्यावर ताईने "नळी गळत असेल, बघ जरा" असं सांगून विषय संपवला होता. पुढे त्याने कितीतरी आठवडे नळीपाशी काढले आणि सगळ्या रेघा सापडल्याचं सांगितलं. तिचा आकडा आणि त्याचा आकडा यांत हजारात एक-दोनाचा फरक. एवढा फरक नुसता चालत नाही, मिरवायला मिळतो. लेख लिहून झाला होता, थरथरीचं एक कोष्टक तेवढं राहिलं होतं. धाकट्याची नोकरी तात्पुरती होती आणि या लेखाच्या जोरावर ती कायम व्हायची होती. विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्याची फाईल टेबलावर काढूनही ठेवली होती. तो राहतो की जातो हे आता त्या रेघांवर होतं.

राहिलेलं कोष्टक करायला ताई बसली आणि घात झाला.

थरथरीच्या गणितात एक गंमत असते. अणूंमधला बंध स्प्रिंग आहे असं धरून चालायचं, उत्तर जरा जास्तच येणार हे ठाऊक असायचं, आणि मग ते एकाहून किंचित लहान आकड्याने गुणून जमिनीवर आणायचं. सगळी दुनिया हेच करते आणि कुणी कुणाला हसत नाही. ताईने नव्या संगणकावर हे गणित पहिल्यापासून लावलं. थरथरीबरोबर गिरकीचा आकडा आपसूक येतोच, तो तिने येता-जाता पाहिला. तो जुन्या आकड्यापेक्षा शेकड्यात दोनाने मोठा होता.

तिने चष्मा पुसला. आकडा तसाच. मग तिने जुन्या गणिताचा अगदी वरचा भाग उघडला, जिथे यंत्र प्रत्येक अणूचं वजन छापतं आणि जो जगात कुणीही वाचत नाही. गंधकापुढे चौतीसला जरा कमी, असा आकडा होता. साध्या गंधकाचं वजन बत्तीस. चौतीसवाला तो जड गंधक. मागे कधीतरी दुसऱ्या कुणासाठी तिने जड गंधकाचं गणित केलं होतं, आणि या धंद्यात कोरी पाटी घेऊन कुणी बसत नाही. जुनं काम उचलायचं, नाव बदलायचं, अणू बदलायचे, की झालं नवं काम. ताईने सगळं बदललं होतं. गंधकाचं वजन तेवढं राहून गेलं होतं.

तिची कानशिलं तापली. चूक तिची होती, ढळढळीत होती, आणि दुरुस्त करायला एक दुपार पुरे होती. ताई चूक कबूल करायला घाबरणारी बाई नव्हती. पण पुढच्याच क्षणी तिच्या मनात जे आलं त्याने ती खुर्चीत मागे रेलली. तिचा आकडा चुकला होता. मग धाकट्याच्या रेघा त्या चुकलेल्या आकड्याशी जुळल्या कशा?

खरा रेणू साध्या गंधकाचा, तर त्याच्या रेघा दुसरीकडे असायला हव्यात. ताईने बोट दाखवलं होतं तिथे काही म्हणता काही असायला नको. आणि हा गडी सांगतो की तिथेच आहेत, एक ना दोन, सगळ्याच्या सगळ्या, तू म्हणालीस अगदी तिथे! याचा अर्थ एकच निघत होता. त्याने तिचे आकडे बघून आपले आकडे लिहिले होते. शोभेला म्हणून मधे चिमूटभर फरक ठेवला होता.

आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. शाळेत असताना त्याने तिच्या मागल्या वर्षीच्या वहीतून सुट्टीतली गणितं जशीच्या तशी उतरवली होती. एका बेरजेत ताई हातचा विसरली होती, तोही विसरला. गुरुजींनी त्याला वर्गापुढे उभं करून म्हटलं होतं, "अरे, हातचा विसरायलासुद्धा स्वतःचं डोकं लागतं." घरी सगळे पोट धरून हसले होते. ताई सगळ्यात जास्त हसली होती. आता तिला त्याचं हसू आलं नाही.

तशी एक पळवाट होती. बाटलीतला साधा गंधक काही निव्वळ बत्तीसचा नसतो. त्यातले शंभरातले चारेक अणू जड असतात. ही वाट ताईला दिसली नाही असं नाही. दिसली आणि तिने ती तिथल्या तिथे बुजवून टाकली. "शंभरातले चार!" ती स्वतःशीच फणकारली. "त्याच्या त्या गळक्या नळीत शंभरातले शंभर दिसले तरी देवाचे उपकार." खरं सांगायचं तर तिच्या गणितात एका वेळी एकच रेणू असायचा, एकटा, धुतल्यासारखा स्वच्छ, आणि ती सांगेल त्या वजनाचा. बाटल्यांमधली गर्दी तिला कधी निस्तरावी लागली नव्हती.

संशयाला एकदा घरात घेतलं की तो पाहुण्यासारखा राहत नाही, मालकासारखा वागायला लागतो. ताई आता धाकट्याकडे बघायची ती पाळत ठेवल्यासारखी. तो हल्ली खोलीचं दार आतून लावून घेत होता. का? डोळ्यांखाली काळं आलं होतं. झोप नव्हती, हे उघड, आणि झोप कशाने उडते ते काय सांगायला हवं? जेवायला तो तिच्याकडेच असायचा, पण पूर्वी घास तोंडात असताना नळीच्या गमतीजमती सांगणारा हा माणूस आता चार घास पोटात ढकलून उठायचा. लेखाचा विषय निघाला की म्हणायचा, "जाऊ दे ना ताई, झालंय ना आता." झालंय ना आता! ताईने ते तीन शब्द उशाखाली घेऊन झोपायचा प्रयत्न केला, पण त्यांनी तिला झोपू दिलं नाही.

तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि जगातली सगळी भांडणं नदीच्या कडेला सुरू होतात असं त्याचं ठाम मत होतं. तो भांडी पुसत होता तेव्हा ताईने त्याच्यापाशी विषय काढला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मग विचार की त्याला."

"काय विचारू? तू खोटं लिहिलंस का रे, असं?"

"नाही. माझं गंधक चुकलंय, तुझं कसं जुळलं, असं."

"म्हणजे त्याला सावध करू! उद्या काहीतरी रचून आणेल."

"माझा मेहुणा?" नवरा हसला. "त्याला बाजारात घासाघीस करताना खोटं बोलता येत नाही. मागच्या वेळी दुकानदाराला म्हणाला, पलीकडे याहून महाग आहे."

"तुझं आपलं काहीतरीच. तुला त्याचं कौतुक."

"आणि तुला?" नवऱ्याने ताटली उजेडात धरून बघितली. ताईला त्याचं कौतुक होतंच. नसतं तर एवढी आग झाली नसती. त्याला या विभागात आणला होता तिने. मोठ्या बाईंना शब्द दिला होता तिने. आईने जाण्यापूर्वी त्याचा हात हातात दिला होता तो तिच्याच. तो चोर निघाला तर चोराची बहीण म्हणून बोळातून चालायचं कसं, हा एक विचार. आणि तो चोर निघाला तर तो तो उरलाच नाही, हा दुसरा. दुसरा जास्त दुखत होता.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या खोलीवर गेली. दार बंद. ठोठावल्यावर बराच वेळ काही हालचाल नाही, मग कडी निघाली आणि धाकट्याने फटीतून डोकं बाहेर काढलं.

"अगं तू? ये, ये, लवकर आत ये. दार लाव."

"एवढं काय लपवायचंय?" ताई हसत म्हणाली, पण हसण्यात हसू नव्हतं.

"लपवायचं काय? काम चाललंय." तो पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. असा उभा राहिला की तिला पडदा दिसू नये. निदान ताईला तसं वाटलं, आणि त्या दिवसांत ताईला वाटलं की ते झालंच.

"मला जरा रेघा दाखव ना."

"दाखवल्यात की लेखात."

"लेखातल्या नव्हे. कच्च्या. यंत्रातून निघाल्या तशा."

धाकट्याचा चेहरा उतरला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कच्च्या नको बघूस. घाण आहेत."

"घाण म्हणजे?"

"म्हणजे... नीट नाहीत गं. मी साफ केल्यात त्या. पुष्कळ साफ कराव्या लागल्या." आणि मग घाईघाईने, "पण आहेत तिथेच. तू सांगितलंस तिथेच आहेत."

खाई त्याला खवखवे, म्हणतात ते काय उगीच? साफ केल्यात! तू सांगितलंस तिथेच! ताईला वाटलं, आता याने फक्त हात पुढे करून बेड्या मागायच्या बाकी आहेत. त्या क्षणी ती गंधकाचं बोलली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. तिने तोंड उघडलंही होतं. पण पंप घुरघुरत होता, धाकटा जमिनीकडे बघत होता, आणि तिला त्याच्या तोंडून आणखी एक थाप ऐकायची नव्हती. ती म्हणाली, "बरं, चालू दे," आणि बोळाच्या या टोकाला न येता सरळ जिना चढून मोठ्या बाईंकडे गेली.

मोठ्या बाई कमी बोलायच्या आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पेन्सिलीला टोक करत राहायच्या. ताईने आपली चूक आधी सांगितली, पाल्हाळ न लावता. मग दुसरा भाग सांगितला. पेन्सिलीचं टोक मोडलं.

"त्याला विचारलंस?"

"नाही."

"का?"

"तो माझा भाऊ आहे, बाई. तो नाही म्हणेल आणि मी विश्वास ठेवीन." हे वाक्य ताईने जिना चढता चढता जुळवलं होतं आणि तिला ते फार न्यायाचं वाटलं होतं. बोलून झाल्यावर तेवढं वाटलं नाही.

मोठ्या बाईंनी टेबलावरची फाईल उचलून खणात टाकली. "तोवर ही इथे राहू दे. उद्या त्याला बोलावते. तूही ये."

त्या दिवशी धाकटा नेहमीसारखा जेवायला आला. ताईने त्याला वाढलं. तो म्हणाला, "आज फार दमलोय गं," आणि तिला वाटलं, दमशील नाहीतर काय. नवरा दोघांकडे आळीपाळीने बघत होता आणि नद्यांबद्दल बोलत होता.

सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत धाकटा आला तो इस्त्रीचा सदरा घालून. त्याला वाटलं होतं नोकरीचं पत्र असेल. मोठ्या बाई शहाण्या. त्यांनी वाकडा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "लेखातल्या एका आकड्याचा घोळ झालाय. ताई सांगेल."

ताईने कागद पुढे सरकवला. आवाज सरळ ठेवून ती म्हणाली, "माझ्याकडून गंधकाचं वजन चौतीस गेलं होतं. सगळ्या जागा जड गंधकाच्या होत्या. साध्या गंधकाच्या या." आणि तिने नजर त्याच्या चेहऱ्यावर रोवली. आता पांढरा पडेल. आता घाम पुसेल. आता रचायला लागेल.

धाकटा कागदावर ओणवा झाला. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. दोन्ही रकाने बोटाने वरून खाली वाचले, पुन्हा खालून वर वाचले. मग त्याने टेबलावर अशी थाप मारली की पेन्सिली उडाल्या.

"तरीच!" तो ओरडला. "तरीच म्हटलं फिक्या का! बाई, अहो, मी जडच पकडत बसलो होतो इतके दिवस! शंभरातले चार! आणि मला वाटत होतं माझी नळीच फुटकी!"

"थांब, म्हणजे..." मोठ्या बाई म्हणाल्या.

पण तो थांबलाच नाही. कागद घेऊन तो दाराबाहेर, जिन्यावर, बोळात. दोघी बायका त्याच्या मागे. आपल्या खोलीत शिरून त्याने यंत्राचा पट्टा नव्या जागेवर आणला, वायू सोडले, ठिणगी पाडली. पंप घुरघुरत होता. आणि पडद्यावर रेघ उभी राहिली. उभी राहिली म्हणजे काय, वरची चौकट फोडून बाहेर गेली, तिचं डोकंच दिसेना. धाकटा लहान मुलासारखा हसत सुटला. "बघ ताई! बघ की! साफ करायची गरजच नाही!"

मग त्याने न मागता त्या कच्च्या रेघा उघडल्या, ज्या तो काल लपवत होता. खरोखर घाण होत्या. नुसतं खरखरीत गवत, आणि त्यात डोळे ताणले तर कुठे एक काडी जरा उंच. तशी काडी नक्की आहे की भास आहे हे कळण्यासाठी त्याने एकेका रेघेपाशी दिवसचे दिवस ठिणग्या पाडून त्यांची बेरीज केली होती. दार उघडलं की खोली गार व्हायची आणि रेघ सरकायची, म्हणून कडी. झोप नव्हती ती यासाठी. आणि दाखवत नव्हता ते लाजेने, कारण ताई म्हणाली होती नळी गळत असेल, आणि त्याने ती पाच-सहा वेळा खोलून बसवूनही रेघा फिक्याच येत होत्या. सगळी यंत्रं धड चालवणाऱ्या लोकांत आपल्याच एकट्याला हात नाही, असं त्याला वाटायला लागलं होतं. हे सगळं तो आनंदात सांगत होता, एखादं दुखणं बरं झाल्यावर माणूस सांगतो तसं.

ताई यंत्राच्या कडेला हात टेकून उभी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा तिच्याच काखेत होता आणि वळसा तिने मोठ्या बाईंच्या खोलीला घातला होता. तिला सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं की हे," मोठ्या बाई खुशीत म्हणाल्या. त्या अशा खुशीत क्वचित येत. "दोन्ही गंधकांचे रेणू एकाच लेखात! छान. तुझी फाईल मी आजच पुढे पाठवते. उगीच कालपासून अडवून ठेवली."

"अडवली होती?" धाकट्याने विचारलं. "का?"

मोठ्या बाईंनी ताईकडे बघितलं. ताईने पंपाकडे बघितलं. शेवटी मोठ्या बाईंना वर काहीतरी काम आठवलं आणि त्या निघून गेल्या.

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. माणूस बाहेर गेल्यावर खोलीत दिवा जळत राहावा तसं ते थोडा वेळ राहिलं. मग त्याने हळूच विचारलं, "तू कधी सांगितलंस त्यांना?"

"काल."

"माझ्याकडून गेल्यावर?"

"हो."

"म्हणजे तू रेघा बघायला आलीस, तेव्हा तुला गंधकाचं माहीत होतं."

"माझा आकडा चुकला होता आणि तरी तुझा जुळला होता! मी काय समजायचं?"

"समजायचं कशाला? विचारायचं." त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर ताईला भांडता आलं असतं. भांडण तिला चांगलं जमायचं. त्याने ठिणगी बंद केली आणि नळीतला वायू काढायला लागला.

"चुकलं माझं," ताई म्हणाली.

"होतं गं," तो नळीकडे बघत म्हणाला. "वजन कुणाचंही राहून जातं."

तिला ते म्हणायचं नव्हतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

लेख छापून आला. दोन्ही नावं होती, दोन्ही गंधक होते, परीक्षकांनी वाखाणणी केली. धाकट्याची नोकरी कायम झाली. तो पूर्वीसारखाच जेवायला यायचा, भावोजींशी नद्यांवरून वाद घालायचा, ताईला ताईच म्हणायचा, वाढलेलं सगळं खायचा. ताई त्याच्याकडे चोरून बघत राहायची की कुठे काही उसवलंय का. कुठेच दिसायचं नाही. "बघितलंस?" ती नवऱ्याला म्हणाली. "विसरलासुद्धा." नवरा म्हणाला, "बरं झालं," आणि त्याने विषय वाढवला नाही.

मग पुढचा रेणू आला. हाही तीन अणूंचा, हाही कुणी न बघितलेला. ताईने या वेळी कोऱ्या पाटीवर काम केलं. वजनं हाताने लिहिली, पुन्हा वाचली, नवऱ्याला बाजूला बसवून मोठ्याने वाचून घेतली. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आवाज चांगला होता. आकडे आल्यावर कागद घेऊन ती धाकट्याच्या खोलीकडे गेली, आणि चालताना तिला वाटलं की असा कागद घेऊन जाण्यात किती सुख होतं, हे आपल्याला कधी कळलंच नव्हतं.

दार उघडंच होतं. धाकटा स्टुलावर बसून पट्ट्याचं सगळ्यात खालचं टोक लावत होता.

"हे घे," ताई म्हणाली. "पहिली रेघ इथे मिळेल."

त्याने कागदाकडे बघितलं नाही. बघू नये म्हणून मान दुसरीकडे केली, आणि ते इतक्या सहज केलं की तिला आधी कळलंच नाही. "नको, ताई. राहू दे तुझ्याजवळ."

"म्हणजे? मग शोधणार कुठे?"

"या टोकापासून सुरू करतो. पुढे पुढे सरकत जाईन."

"अरे, महिने जातील! नखानखाने शोधणार आख्खा पट्टा?"

"जाऊ देत. नोकरी कायम आहे आता."

"राग आहे ना तुझा माझ्यावर? मग भांड की! ही कसली शिक्षा?"

"शिक्षा नाही गं." त्याने स्टूल वळवलं आणि तिच्याकडे नीट बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच राग नव्हता. ताईने शोधला, कारण तो सापडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तुझा आकडा बघितला आणि माझा जुळला, तर तुला परत वाटेल. तू बोलणार नाहीस, पण वाटेल. मग मला रोज जेवताना तुझ्याकडे बघत बसावं लागेल, हिला वाटतंय का म्हणून. त्यापेक्षा हे बरं. माझी मला सापडली की मी येऊन सांगतो. मग तू कागद काढ."

ताईला पुष्कळ बोलायचं होतं. नाही वाटणार, असं म्हणायचं होतं. पण ती स्वतःला ओळखत होती, म्हणून तिने ते म्हटलं नाही. तिने कागदाची घडी घातली. धाकट्याने ठिणगी पाडली. पडदा कोरा राहिला. त्याने पट्टा नखभर पुढे सरकवला आणि पुन्हा ठिणगी पाडली.

आता ती रोज कामाला जाताना त्याच्या दारावरून जाते. दार उघडं असतं. पट्टा कुठवर आला तो आकडा लांबूनही वाचता येतो. ती आत डोकावून विचारते, "जेवायला येतोस ना?" आणि तो मान न वळवता म्हणतो, "येतो की." रेघ कुठे आहे ते तिला ठाऊक आहे, आणि तो त्या जागेपासून अजून खूप लांब आहे.